ताई, रोड रॅशचा नवा भाग कधी येणार?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा ३६ वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, लग्न झालेलं. लहानपणी घरच्या पीसीवर मोठ्या भावाबरोबर रोड रॅश हा बाइकच्या शर्यतीचा आणि मारामारीचा गेम खेळायचा, "म्हणजे दादा बाइक चालवायचा आणि मी बाजूला स्टुलावर बसून पोलीस दिसला की ओरडायचो, माझा नंबर येईपर्यंत आई पीसी बंद करायला लावायची." गेमची सीडी अजून ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हापासून याचा नवा भाग यावा म्हणून वाट बघतोय, नवीन गेम्सच्या घोषणा असतात त्या रात्री जागून बघतो आणि दरवेळी चिडून झोपतो, कंपनीला आपल्यासारख्यांची काही पडलेलीच नाही असं त्याचं म्हणणं. आता ऑनलाइन ओळख झालेल्या पाच जणांनी स्वतःच "रोड रॅशचा पुढचा भाग" करायला घेतलाय, त्यांनी याला कोडिंगला बोलावलंय आणि वर पैसेही मागितलेत, साधारण एका महिन्याच्या पगाराएवढे. बायको म्हणते ऑफिस झालं, घर झालं, आता ही तिसरी शिफ्ट कशाला. दादा म्हणतो, "अजून त्यातच अडकलायस?" पैसे द्यावेत का, वेळ द्यावा का, की वेड सोडून द्यावं, असा प्रश्न.

---

अरे, तुला अरे-तुरे करतेय कारण पत्राच्या शेवटी तूच लिहिलंयस की मोठ्या बहिणीसारखं सांगा. तर बस आता ऐकत.

तुला वाटत असेल की ताई आता म्हणणार, तुला गेम नकोय, तुला तुझं बालपण परत हवंय. हे वाक्य मला स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय ना की डोक्यात जातं. माणूस म्हणतो भूक लागलीय आणि समोरचा म्हणतो नाही रे, तुला आईची आठवण येतेय. असेलही येत, पण आधी ताट तर वाढा. त्यामुळे आपण गेमबद्दलच बोलू.

पहिली गोष्ट, "नवा भाग आलाच नाही" हे तू गृहीत धरलंयस. आला की! रोड रॅश मुळात १९९१ चा, सेगाच्या जेनेसिस या कन्सोलवर. त्याचा दुसरा भाग १९९२ ला आला, तिसरा १९९५ ला. तू ज्याला "ओरिजिनल" म्हणतोयस तो विंडोजवरचा गेम १९९६ चा, आणि तो १९९४ च्या थ्रीडीओ कन्सोलवरच्या नव्या आवृत्तीवरून केलेला, म्हणजे तुझं ओरिजिनल हेच मुळात कुणाच्या तरी लहानपणीच्या गेमचं नवं रूप होतं. त्यानंतर १९९८ ला प्लेस्टेशनवर रोड रॅश थ्रीडी आला, २००० ला जेलब्रेक आला, आणि त्या जेलब्रेकमध्ये तर साइडकार लावलेली बाइक दोघांनी मिळून खेळायची सोय होती. दोघांनी! तुझ्या घरी तेव्हा पीसी होता, प्लेस्टेशन नव्हता, म्हणून तुझ्यापर्यंत पोचलं नाही इतकंच. आता हे वाचून तुला आनंद झाला का? मला वाटतं नाही झाला. झाला असता तर या क्षणी तू माझं उत्तर अर्धवट सोडून ते शोधायला पळाला असतास. म्हणजे तुला नुसता "पुढचा भाग" नकोय, अजून काहीतरी हवंय, आणि ते काय हे ठरल्याशिवाय पैशाचं आणि वेळेचं काहीच ठरवता येणार नाही.

अशी पत्रं मला बऱ्यापैकी येतात, आणि सगळे एकच शब्द वापरतात, सीक्वेल, पण प्रत्येकाला वेगळंच काहीतरी हवं असतं. काहींची गोष्ट अर्धी राहिलेली असते. हाफ-लाइफ या गेमचे चाहते बघ, २००७ ला त्याचा एपिसोड टू अशा जागी संपला की लोक त्या शेवटच्या सीनवर वर्षानुवर्षं अडकून बसले, पुढे २०१७ ला त्याचे लेखक मार्क लेडलॉ यांनी नावं बदलून पुढची कथा पत्राच्या रूपात स्वतःच्या ब्लॉगवर टाकली आणि पुष्कळांनी त्यावर समाधान मानून घेतलं. गोष्ट कळली, विषय संपला. तुझ्या गेममध्ये गोष्टच नाही. बाइकवर बसा, शेजारच्याला लाथ घाला, त्याच्या हातातला सोटा नाहीतर साखळी हिसकावून त्यालाच हाणा, पहिले या. यात पुढे काय झालं असं कोण विचारणार? तुला गोष्ट नकोय. तुला ती लाथ घालतानाची मजा हवीय, आणि तीही तशीच्या तशी.

इथे मात्र मला तुला थोडं टोकायचंय. मी प्रिन्स ऑफ पर्शियावाली. १९८९ चा तो जुना, साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, घड्याळ थांबत नाही, एक पाय चुकला की भाल्यांवर पडलास, लेव्हल पहिल्यापासून. (आणि तो इतका खराखुरा पळायचा कारण तो करणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला खरोखर पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम गिरवून घेतली. धाकट्या भावांचे हाल सगळीकडे सारखेच.) नवा भाग यावा म्हणून मीही वाट बघितली. २००३ ला सँड्स ऑफ टाइम आला, गाजला, आणि त्यात काय होतं तर वेळ मागे फिरवता यायची. पाय चुकला? बटण दाबा, परत वर. सगळे खूश, आणि मी हिरमुसलेली, कारण मला आवडायची ती भीतीच त्यांनी काढून टाकली होती. चूक त्यांची नव्हती, गेम छानच होता. पण नवा भाग करणारा माणूस पहिल्यांदा जुन्यातला त्रास काढतो, ते त्याचं कामच आहे, आणि आपलं प्रेम बहुतेक वेळा नेमकं त्या त्रासावर बसलेलं असतं.

आता तू आठव. रोड रॅशमध्ये समोरच्या गाडीवर आदळलं की काय व्हायचं? माणूस उडून एकीकडे, बाइक घसरत दुसरीकडे, मग तो उठणार, धावत त्या बाइककडे जाणार, मागून एकेक जण पुढे निघून चाललेत, आणि मध्येच एखादी गाडी त्याला परत उडवणार. ते धावणं! कीबोर्डवर काय वाट्टेल ते दाबा, तो त्याच्याच गतीने जाणार. तेव्हा जीव नुसता खालीवर व्हायचा, आणि स्टुलावर बसलेला तू "पळ पळ पळ" म्हणून ओरडत असणार, लिहून देते. आज कुठल्याही मोठ्या स्टुडिओने हा गेम केला तर आधी ते धावणं जाईल. एका सेकंदात बाइकवर परत. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेल की खेळणारा इथे कंटाळतो. आणि तू तीन दिवसांत म्हणशील, पहिल्यासारखं वाटत नाही यार.

कंपनीवरच्या रागाबद्दल थोडं. तुला वाटतं एक बटण दाबलं की झालं, पण तू स्वतः सॉफ्टवेअरमधला, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कोड आज उघडायला सांगितला तर तुझ्या ऑफिसात काय होईल विचार कर. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ सोर्स कोड २०१२ पर्यंत हरवलेलाच होता, मेकनरच्या वडिलांना घरातल्या खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या तेव्हा मिळाला. नो वन लिव्हज फॉरेव्हर म्हणून २००० चा गेम आहे, लोकांचा लाडका, त्याचे हक्क इतक्या कंपन्यांच्या विलीनीकरणात अडकलेत की परत आणायला निघालेल्यांना पुढे जाताच आलं नाही. तुझ्या गेममध्ये तर खऱ्या बँडची गाणी आहेत, साउंडगार्डनसारख्यांची, म्हणजे जुना गेम आहे तसा परत विकायचा म्हटलं तरी गाण्यांच्या परवान्यांचं बघावं लागणार. यातलं तुझ्या गेमचं नेमकं कशावर अडलंय यावर मी पैज लावणार नाही, पण "आपली पडलेली नाही" यापेक्षा कंटाळवाणी कारणं जगात जास्त असतात. त्या घोषणांच्या रात्री जागणं बंद केलंस तरी चालेल, गेम आला तर सकाळी उठल्यावरही आलेलाच असेल.

आणि आला तर चांगलाच येईल असं तुला का वाटतं? ड्यूक न्यूकेम फॉरेव्हरची घोषणा १९९७ ला, गेम २०११ ला, आणि चौदा वर्षं थांबलेल्यांनी कपाळाला हात लावला. शेनम्यूच्या तिसऱ्या भागासाठी २०१५ ला चाहत्यांनी ६० लाख डॉलरहून जास्त जमवले, २०१९ ला आला, काहींना अगदी हवा तसा वाटला, बाकीच्यांना अठरा वर्षं जुना. उलट सायकोनॉट्स बघ, पहिला २००५ चा, दुसरा २०२१ चा, आणि काय सुंदर केला. म्हणजे नियम असा काही नाही. उशिरा येतो म्हणून वाईट नसतो आणि वाट बघितली म्हणून चांगलाही होत नाही.

बरं, आता मला खरं सांग. तुझ्या सव्वातीन पानी पत्रात रोड रिडेम्प्शनचं नाव एकदाही नाही. माहीत नाही का माहीत असून टाळलंस? रोड रॅशवर जीव असलेल्या लोकांनीच केलेला गेम, २०१३ ला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे केले, २०१७ ला पीसीवर पूर्ण आला. बाइक आहे, मारामारी आहे, सोटे-साखळ्या आहेत, पीसीवर स्क्रीन विभागून चार जण एकत्र खेळू शकतात. नाव तेवढं वेगळं. मला दाट शंका आहे की तू तो बघितलास आणि नाव वेगळं म्हणून नाक मुरडलंस. अशा पत्रांमध्ये हे फार दिसतं, नावाला चिकटून बसायचं आणि जे आपल्याला हवं होतं ते दुसऱ्या नावाने बाजूने निघून जातं. हे तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठीही सांगते, आपल्या गेमचं नाव टाकून शोधू नका, "याच्यासारखे गेम" असं शोधा. छोट्या छोट्या टीम्स आपल्याच वयाच्या आहेत, तेही आपल्यासारखेच वाट बघून कंटाळले आणि करायला बसले.

म्हणजे आलो तुझ्या त्या पाच जणांकडे.

पैसे देऊ नकोस. हे मी गोलगोल न बोलता सांगते. ते फसवे आहेत असं नाही म्हणत, चांगलेच असतील, पण ते "रोड रॅश" हे नाव वापरतायत आणि ते नाव त्यांचं नाही. बाइकवरून जाऊन लाथ घालायची कल्पना कुणाच्या बापाची नसते, पण नाव, चित्रं, गाणी, कोड हे कुणाचं तरी असतं. निन्टेन्डोच्या मेट्रॉइड टू या गेमचा एका चाहत्याने केलेला रीमेक होता, माणसाने जवळजवळ दहा वर्षं घातली, ऑगस्ट २०१६ ला फुकट वाटला, आणि काही दिवसांत निन्टेन्डोकडून कायदेशीर नोटीस गेली. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोने त्याच गेमचा स्वतःचा रीमेक आणला. तो तर पैसेही मागत नव्हता. तुमच्यात पैसे गोळा झाले की धोका वाढतोच, आणि उद्या नोटीस आली तर पगार कुणाकडे मागणार? किकस्टार्टरसारख्या ठिकाणीसुद्धा पैसे देणं म्हणजे दुकानातून वस्तू घेणं नव्हे, तुझ्या प्रकरणात तर तेवढाही कागद नाही, नुसता ग्रुपवरचा मेसेज आहे.

पण वेळेबद्दल मी इतकी ठाम नाही. कारण याच वाटेने लोक कुठे कुठे पोचलेत. तो मेट्रॉइडवाला पुढे एका नावाजलेल्या गेमवर लेव्हल डिझाइनर झाला. सॉनिकचे हौशी गेम करणारी पोरं सेगाने बोलावून घेतली आणि २०१७ चा सॉनिक मेनिया त्यांनी केला. एज ऑफ एम्पायर्स टूसाठी चाहत्यांनी केलेली भर २०१३ ला अधिकृत झाली, कंपनीच्याच नावाने विकली गेली. चाहत्यांनी नव्याने केलेला हाफ-लाइफ, म्हणजे ब्लॅक मेसा, हाफ-लाइफच्याच व्हॉल्व्ह कंपनीने विकू दिला. तेव्हा वेडाला वेड म्हणून झटकून टाक असं मी म्हणणार नाही, दादाने काहीही म्हटलं तरी.

तू त्यांना एवढंच विचार, नाव बदलायला तयार आहात का. रोड रिडेम्प्शनवाल्यांनी बदललं, तसं. हो म्हणाले तर त्यांना गेम करायचाय. नाही म्हणाले, "मग मजाच काय" म्हणाले, तर त्यांना त्या नावाच्या सावलीत बसायचंय आणि तू तिथून हळूच उठ. आणि दुसरं, आजपर्यंत खेळून बघता येईल असं काय झालंय ते मागून घे. लोगो, ट्रेलर, नकाशाची चित्रं यातलं काही धरायचं नाही. एक बाइक एका रस्त्यावर चालतेय एवढं तरी आहे का? नसेल तर तू गेल्यावर पहिल्या दिवशी सगळं तुझ्याच गळ्यात पडणार, कारण सहाव्यालाच कोडिंग येतं अशी ती टीम आहे, माफ कर पण मला तसाच वास येतोय.

ते नाही जमलं तर एकट्याने कर ना. अख्खा गेम नाही रे बाबा. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायला साहित्य ढीगभर आहे. त्यात एकच गोष्ट कर, ते पडणं. बाइक घसरतेय, माणूस उठतोय, धावत जातोय. दोन महिने, आठवड्याचे दोन दिवस, त्यापलीकडे नाही, आणि हे दिवस कुठले ते बायकोला विचारून ठरव. ती गेमवर चिडलेलीच नाहीये, नीट वाच तिचं वाक्य, ती शिफ्ट मोजतेय. तिला "छंद आहे माझा" असं सांगून उपयोग नाही, मंगळवार आणि शुक्रवार असं सांगितलंस तर बोलणं होईल. आणि त्या दिवसांच्या बदल्यात दुसरे दोन दिवस घरातलं काय उचलणार तेही सांग, नाहीतर तिचीच शिफ्ट वाढली.

आता शेवटचं, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. तुझ्या पत्रातलं ते स्टूल. तू सहज लिहून गेलास, दादा चालवायचा, मी ओरडायचो, नंबर येईपर्यंत पीसी बंद. मी ते वाक्य परत परत वाचलं. अरे, तू हा गेम खेळलेलाच नाहीस! बघितलायस. दादाने खेळलेला बघितलायस. म्हणून दादाला तो संपल्यासारखा वाटतो, तो खेळून मोकळा झाला, आणि तू वीस-पंचवीस वर्षं पुढचा भाग मागत बसलायस जेव्हा पहिलाच तुझ्या हातून व्हायचा राहिलाय. दादा मोठ्या मनाने विसरला असं समजू नकोस, त्याचं पोट भरलंय.

सीडी ड्रॉवरमध्ये आहे म्हणतोस. नवीन विंडोजवर ती थेट चालायला कुरकुर करेल, पण तुला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, मी शिकवायला नको, त्यात जुनं विंडोज टाक. सीडीवर चरे असतील तर आधी तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेव, एकदा वाचली गेली की परत ड्राइव्हमध्ये घालू नकोस. आणि थ्रॅश मोडमध्ये जाऊन दहा मिनिटांत "हो हो तेच ते" करून बंद करायचं नाही. बिग गेम मोड. पहिल्या लेव्हलपासून, फाटक्या बाइकवर, पैसे साठवत, पोलिसाने धरलं की दंड भरत. पाचही रस्ते, सगळ्या लेव्हल. तिसऱ्या लेव्हलला कंटाळलास तर तेही कळेल, आणि मग त्या पाच जणांना नाही म्हणायला तुला माझ्या सल्ल्याची गरज पडणार नाही. नाही कंटाळलास तर काय करायचंय ते तुझं तुलाच दिसेल, एक वही ठेव शेजारी, कुठे हसलास कुठे शिव्या घातल्यास लिहीत जा, गेम करायला बसलास तर तेवढंच कामाला येतं.

पहिल्या रात्री दादाला व्हिडिओ कॉल लाव, फोन स्क्रीनकडे तोंड करून टेकवून ठेव. "अजून त्यातच अडकलायस" म्हणाला तर म्हणू दे. त्याला एवढंच सांग की पोलीस दिसला की ओरडायचं, आणि मध्ये नंबर मागायचा नाही.